भोवळ, ऋतू आणि कान

अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ गावी घटमांडणी होते. शेतात निरनिराळी धान्ये वर्तुळाकार मांडतात. मधोमध पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे आणि त्यांवर पाण्याची घागर ठेवतात. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊसपाण्याचे भाकीत ऐकावयास सारा बुलढाणा जिल्हा उत्सुक असतो. त्या भाकिताची परीक्षा करणे हा आमचा आजचा विषय नव्हे. परंतु जो शेतकरी आपले सारे वर्ष ऋतूच्या हवाली करतो, तो आपल्या देहाचा हिशेबही ऋतूवरच मांडतो यात नवल ते काय? वैशाखात घेरी आली की 'ऊन लागले', आषाढात आली की 'वात', आणि आश्विनात आली की 'पित्त'. या घेरीचाच इतिहास आज आम्हांस सांगावयाचा आहे; कारण या एका शब्दाच्या पोटात अनेक आजार दडलेले आहेत, आणि त्यांची गल्लत झाल्याने माणसांचे फार हाल झाले आहेत.

आजीबाईच्या तोंडची ही वाक्ये निराधार नाहीत. चरकाने 'भ्रम' हा वाताच्या ऐंशी विकारांत गणला. माधवनिदानात रजोगुण, पित्त आणि वायू ही त्याची कारणे सांगितली आहेत. वात ग्रीष्मात साठून वर्षाकाळी खवळतो, पित्त वर्षाकाळी साठून शरदात खवळते, हा ऋतुचर्येचा सिद्धांत तर घरोघरी पोचलेला आहे. सुश्रुताने अठ्ठावीस कर्णरोग वर्णिले व त्यांत कानात आवाज होण्याचा 'कर्णनाद'ही सांगितला. मात्र भ्रमाचे प्रकरण एकीकडे आणि कर्णनादाचे दुसरीकडे राहिले. डोके गरगरते त्याचे मूळ कानात असू शकेल, ही गाठ तेथे बांधली गेली नाही.

युरोपातही तीच अवस्था होती. भोवळ येऊन पडलेल्या माणसाच्या मेंदूत रक्त चढले असे समजून त्याचे रक्त काढीत, जळवा लावीत. फ्लूराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने कबुतरांच्या कानांतील अर्धवर्तुळाकार नलिका छेदून पाहिल्या, तेव्हा पक्ष्यांचा तोल गेला. पण हा प्रयोग रोग्याच्या खाटेपर्यंत पोचला नाही. तो पोचविला पॅरिसच्या मूकबधिर संस्थेचे वैद्य प्रॉस्पेर मेनियेर यांनी. भोवळ, कानातील आवाज आणि बहिरेपणा ही तिन्ही एकाच रोग्यात येतात, आणि त्यांचे स्थान मेंदूत नसून आतील कानात आहे, हे त्यांनी 8 जानेवारी 1861 रोजी तेथील वैद्यक अकादमीपुढे मांडले. पुढच्याच वर्षी ते वारले. रोगाला त्यांचे नाव मिळाले ते त्यांच्या पश्चात.

मेनियेर यांनी दिलेल्या एका उदाहरणात ऋतूच कारण म्हणून उभा आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. एक तरुण मुलगी हिवाळ्यात रात्रभर घोडागाडीच्या टपावर बसून प्रवास करीत आली. कडाक्याची थंडी लागली, ती एकाएकी बहिरी झाली, भोवळ व वांत्या सुरू झाल्या आणि पाचव्या दिवशी ती गेली. शवविच्छेदनात मेंदू निर्दोष निघाला, कानाच्या नलिकांत मात्र रक्तमिश्रित द्रव सापडला. तिला बहुधा रक्ताचा कर्करोग असावा, असे पुढील अभ्यासकांनी म्हटले. म्हणजे स्थान बरोबर ओळखले गेले, पण दोष थंडीच्या माथी गेला. ऋतू डोळ्यांपुढे असतो, म्हणून तो चटकन आरोपी ठरतो!

तरीही तो सर्वथा निर्दोष नाही. व्हिएन्नाचे डॉ. बाराणी रोग्यांचे कान धूत असता पाणी फार थंड वा फार ऊन असले की रोग्यास गरगरे. थंडउष्णाने कानातील द्रव हालतो, हे त्यावरून त्यांनी ताडले. 1914 चे नोबेल पारितोषिक त्यांना या क्षेत्रातील कामासाठी मिळाले. ज्याच्या कानाचा पडदा फाटलेला आहे अशा पोराने भर उन्हाळ्यात विहिरीच्या गार पाण्यात उडी घेतली तर पाण्यातच त्याची दिशा हरपू शकते. हा धोका आमच्या घाटाखालच्या गावांनी जरूर ध्यानी धरावा.

1938 साली लंडनला हॉलपाइक व केर्न्स यांनी, आणि त्याच सुमारास जपानात यामाकावा यांनी, मेनियेरच्या विकारात आतील कानाचा द्रव तुंबलेला आढळल्याचे दाखविले. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका अभ्यासात रोग्यांनी आपल्या त्रासाची रोजची नोंद ठेवली. ती हवामानाशी ताडून पाहता हवेचा दाब व आर्द्रता यांच्याशी त्रासाचा संबंध दिसला. म्हणजे 'आभाळ आले की डोके फिरते' असे म्हणणाऱ्या बाईस वेडी ठरविण्याचे कारण नाही.

पण निदान आधी, ऋतू नंतर. कूस बदलताच काही क्षण गरगरते, ते बहुधा कानातील चुन्याचे कण जागचे हलल्याने. डॉक्टर डोके विशिष्ट रीतीने फिरवून ते पुष्कळदा बरे करतात. वीस मिनिटांपासून काही तासांपर्यंत भोवळ, सोबत कान भरल्यासारखा, आवाज आणि कमी ऐकू येणे, हे मेनियेरचे लक्षण. त्यात मीठ कमी करण्याचा सल्ला देतात. उन्हात राबून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, तेथे बहुधा पाणी कमी पडलेले असते, कान नव्हे. आणि जीभ जड झाली, तोंड वाकडे झाले, हातपाय लुळा पडला, तर कांदा हुंगवीत वा अंगारा लावीत बसू नये. तो पक्षाघात असू शकतो, तडक इस्पितळ गाठावे.

आमची विनंती एवढीच, की ज्यांना वारंवार घेरी येते त्यांनी एक वही करावी. दिवस, वेळ, किती काळ टिकली, कोणता कान वाजत होता, झोप, जेवण, आभाळ, सारे तीत लिहावे आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी. मेनियेर यांच्यापाशी तरी रोग्यांच्या अशा हकिकतींवाचून दुसरे मोठे साधन कोणते होते? घटाची मांडणी वर्षातून एकदाच होते. ही मांडणी आपण रोज करू शकतो.