महाराष्ट्रातील सागरी मासेमारीचे नियम (आकार, हंगाम आणि मर्यादा)

महाराष्ट्रातील सागरी मासेमारीचे नियम हे प्रामुख्याने महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ या कायद्यावर आधारलेले आहेत. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचे जलक्षेत्र राज्याच्या अखत्यारीत असून त्यापलीकडील अनन्य आर्थिक क्षेत्राचे नियमन केंद्र सरकार करते. कायद्याची रचना नौका, जाळी आणि परवाने यांभोवती झाली आहे. छंद म्हणून गळाने मासे धरणाऱ्यांचा स्वतंत्र विचार त्यात फारसा आढळत नाही.

पार्श्वभूमी

हा कायदा ४ ऑगस्ट १९८२ पासून अमलात आला. यांत्रिक नौकांच्या प्रसारामुळे पारंपरिक मच्छीमारांशी उद्भवणारे संघर्ष टाळणे, हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. २०२१ च्या दुरुस्तीने दंडाच्या रकमा वाढल्या आणि अशा प्रकरणांचा निवाडा करण्याचे अधिकार तहसीलदारांऐवजी मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आले.

हंगाम

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा बंदीकाळ २०१५ पासून पाळला जातो. त्यापूर्वी केंद्राच्या आदेशानुसार तो ४७ दिवसांचा होता. पूर्व किनाऱ्यावर हीच बंदी १५ एप्रिल ते १४ जून या काळात असते. अनेक जातींचे प्रजनन पावसाळ्यात होते, तसेच खवळलेल्या समुद्रात जीविताला धोका असतो. बिगरयांत्रिक पारंपरिक नौकांना या बंदीतून सूट आहे.

कोळी समाजात नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून होड्या पाण्यात लोटण्याची प्रथा कायद्याच्या कितीतरी आधीची आहे. ही पौर्णिमा बहुधा ऑगस्टमध्ये येत असल्याने परंपरेची विश्रांती सरकारी बंदीपेक्षा अनेकदा लांबते. बंदी १५ ऑगस्टपर्यंत वाढवावी, ही मच्छीमार संघटनांची मागणी त्यामुळेच अनाठायी म्हणता येत नाही.

पर्ससीन जाळ्यांवर ५ फेब्रुवारी २०१६ च्या अधिसूचनेने क्षेत्र, संख्या आणि कालावधी अशी तिहेरी बंधने आली. एलईडी दिव्यांच्या प्रखर प्रकाशाने मासे गोळा करून पकडण्यासही मनाई आहे.

किमान आकार

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशींवरून राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान कायदेशीर आकारमान निश्चित केले. मासा प्रजननक्षम होण्याची लांबी हा त्याचा आधार आहे. असा नियम लागू करण्यात केरळ अग्रेसर होते. तेथे तारलीसाठी १० सेंटिमीटर, तर बांगड्यासाठी १४ सेंटिमीटर ही मर्यादा आहे.

महाराष्ट्रात पापलेटसाठी १३५ मिलिमीटर ही मर्यादा ठरली. त्याच वर्षी पापलेटला राज्य मासा घोषित करण्यात आले. पालघर जिल्ह्यातील सातपाटी या पापलेटसाठी प्रसिद्ध बंदरातील मच्छीमारांनी तशी मागणी केली होती. तेथे लहान पापलेटला 'कावलेट' म्हणतात. अंडी घालण्यापूर्वीच हे मासे जाळ्यात आले, तर पुढील हंगामाचे पीक आधीच कापले जाते.

अंमलबजावणीतील खरी अडचण जाळ्याच्या स्वरूपात आहे. डोल किंवा ट्रॉल जाळे ओढल्यावर लहान मासा मोजेपर्यंत बहुधा मेलेला असतो. म्हणून जाळ्याच्या आसाचा आकार हा मोजपट्टीपेक्षा अधिक परिणामकारक उपाय ठरतो. गळाने मासे धरणाऱ्याला मात्र लहान मासा जिवंत परत सोडता येतो. ज्याला हा नियम पाळणे सर्वांत सोपे, त्याला समोर ठेवून तो केलेला नाही, ही विसंगती नोंदवण्याजोगी आहे.

संख्येची मर्यादा आणि संरक्षित जाती

अमेरिकेतील अनेक राज्यांत हौशी मासेमाराने दिवसाला किती मासे न्यावेत, हे जातीनुसार ठरलेले असते. महाराष्ट्राच्या सागरी कायद्यात अशी व्यक्तिगत दैनंदिन मर्यादा नाही. येथे नियंत्रण नौकांची संख्या, साधने आणि काळ यांवर असते.

काही जाती मात्र पूर्णतः वर्ज्य आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये देवमासे, डॉल्फिन, समुद्री कासवे आणि २००१ पासून व्हेल शार्क यांना संरक्षण आहे. असा प्राणी जाळे कापून सुखरूप सोडल्यास मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याने २०१८ मध्ये सुरू केली.

अंतर्गत जिल्हे

सागरी कायदा गोड्या पाण्याला लागू होत नाही. धाराशिवसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या जिल्ह्यात परंडा तालुक्यातील सीना-कोळेगाव किंवा माकणी येथील निम्न तेरणा या जलाशयांतील मासेमारीला वरील ६१ दिवसांची सागरी बंदी लागू नाही. राज्यातील जलाशयांत मासेमारीचे हक्क सामान्यतः ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांना दिले जातात. स्फोटके किंवा विष वापरून मासे मारण्यास मनाई करणारा १८९७ चा भारतीय मत्स्यव्यवसाय कायदा मात्र गोड्या पाण्याबरोबरच किनाऱ्यालगतच्या समुद्रालाही लक्षात घेऊन केलेला आहे.