वेतन आयोग, केंद्रीय (भारत)

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचे वेतन व भत्ते यांची फेररचना सुचवणारा, साधारणपणे दर दहा वर्षांनी नेमला जाणारा आयोग. पहिला आयोग 1946 मध्ये श्रीनिवास वरदाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला. न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या सहाव्या आयोगाने वेतनपट्टे व ग्रेड पे आणले; न्या. अशोक कुमार माथुर यांच्या सातव्याने ते मोडून वेतन मॅट्रिक्स दिले. त्यानुसार 1 जानेवारी 2016 पासून किमान मूळ वेतन 7,000 वरून 18,000 रुपये झाले, कमाल 2,50,000. किमान वेतनाचा आधार 1957 च्या भारतीय श्रम परिषदेचे निकष : अन्न, वस्त्र, निवारा यांचा कुटुंबाचा खर्च. हा आधार न्याय्य आहे. मात्र कामगिरीशी वेतन जोडण्याची शिफारस वारंवार होऊनही प्रत्यक्षात जवळजवळ उतरलेली नाही, आणि सुधारणेचे खरे अपयश तेच. कंत्राटी कर्मचारी तर या चौकटीबाहेरच राहतात. हा अन्याय मोठा आहे. शिफारशी राज्यांवर बंधनकारक नसल्या तरी बहुतेक राज्ये त्या फेरफारांसह स्वीकारतात. महाराष्ट्राने के. पी. बक्षी समितीच्या अहवालानंतर सातवा आयोग जानेवारी 2019 पासून लागू केला. आठव्या आयोगाच्या अध्यक्ष न्या. रंजना प्रकाश देसाई आहेत.