आपापला येशू

मंडळी, येशू ख्रिस्त दिसायला कसा होता? चारही शुभवर्तमाने वाचून काढा. उंची, रंग, केस यांबद्दल एक ओळ सापडणार नाही. तरी तो आपल्या सगळ्यांना लगेच ओळखू येतो! पिंगट केस, निमुळता गोरा चेहरा... शिकागोच्या वॉर्नर सॉलमनने १९४० साली काढलेल्या अशाच एका चित्राच्या कोट्यवधी प्रती घरोघरी गेल्या. पॅलेस्टाईनच्या उन्हात वाढलेला ज्यू सुतार अमेरिकेच्या दिवाणखान्यात अगदी घरचा वाटू लागला.

चेहऱ्याचे झाले तेच स्वभावाचे. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थॉमस जेफरसन बुद्धिवादी. त्यांना येशूची शिकवण पटे, चमत्कार पटत नसत. म्हातारपणी, १८२० च्या सुमारास, त्यांनी नव्या कराराची पाने कापून पसंतीचे उतारे तेवढे वहीत चिकटवले. त्यांचे पुस्तक येशूला थडग्यात ठेवून शिळा लोटली की संपते. पुनरुत्थान कात्रणात गेले!

१९२५ साली ब्रूस बार्टन या जाहिरातवाल्याने पुस्तक लिहिले. त्यात येशू कोण? बारा सामान्य माणसांतून जगभर पसरणारी संघटना उभारणारा पट्टीचा व्यवस्थापक! पुस्तक धडाक्यात खपले. गृहस्थ शिंपी असते तर येशू कापड बेतताना दिसला असता.

इथवर हसायला हरकत नाही. पण १९३९ साली नाझी जर्मनीत आयझेनाख येथे प्रोटेस्टंट धर्मपंडितांनी एक संस्था काढली. ख्रिस्ती धर्मातून ज्यू अंश पुसून टाकणे हे तिचे काम. तिचा प्रमुख विद्वान वाल्टर ग्रुंडमान याने येशू ज्यू नव्हताच, असे ‘सिद्ध’ केले. ज्याची आठव्या दिवशी सुंता झाली, जो सभास्थानात शास्त्र वाचत असे आणि वल्हांडणाला जेरुसलेमला जात असे, तो ज्यू नाही म्हणे! आणि याच काळात त्याच्याच जातभाईंना छळछावण्यांत मारले जात होते.

अल्बर्ट श्वाइट्झर (पुढे आफ्रिकेत लांबारेनेला दवाखाना काढणारे तेच) यांनी १९०६ सालीच बजावले होते: येशूची चरित्रे लिहिणारे बहुतेक विद्वान स्वतःचेच चित्र काढतात, खरा येशू आपल्या काळाला परका आहे.

मला हा परकेपणा मोलाचा वाटतो. जेफरसनचा येशू जेफरसनला कधी अडवत नाही, बार्टनचा बार्टनला रागवत नाही, ग्रुंडमानचा तर छळछावणीकडे बोटही दाखवत नाही. आपले श्रद्धास्थान आपल्याशी नेहमीच सहमत असेल, तर मंडळी, एकदा नीट पाहावे, समोर आरसा तर नाही ना?

असो.