एकट्याने न घडणारे प्रथिन: हिवतापाच्या लसीची वाटचाल

जबलपूरची राष्ट्रीय जनजाती आरोग्य संशोधन संस्था 1984 मध्ये स्थापन झाली. मंडला, दिंडोरी, बालाघाट या गोंड-बैगा वस्तीच्या वनप्रदेशातील हिवताप हा तिच्या अभ्यासाचा एक प्रमुख विषय आहे. 2017 मध्ये मंडला जिल्ह्यातील 1,233 गावांत तापाचे रुग्ण घरोघरी शोधून उपचार देण्याचा प्रकल्प सुरू झाला. मात्र ज्यांच्या रक्तात परजीवी असूनही ताप येत नाही, अशांकडून डासांना संसर्ग होतच राहतो. हा दुवा तोडणाऱ्या लसीसाठी परजीवीच्या पेशीपटलावरील प्रथिने प्रयोगशाळेत घडवावी लागतात, आणि तेच काम अनेक दशके अवघड ठरले.

परके प्रथिन जिवाणूत एकटे टिकत नाही, हे 1977 मध्येच दिसले होते. अवघ्या 14 अमिनो आम्लांचे सोमॅटोस्टॅटिन ई. कोलाय जिवाणू पचवून टाकत असे. म्हणून ते जिवाणूच्याच एका मोठ्या प्रथिनाला जोडून तयार करण्यात आले. 1987 मध्ये हीच युक्ती हिवतापाच्या लसीसाठी वापरली गेली. परजीवीच्या पृष्ठभागावरील सीएसपी प्रथिनाच्या पुनरावृत्त तुकड्याला 32 अमिनो आम्लांची शेपटी जोडली गेली. मात्र संसर्गाची चाचणी दिलेल्या सहा लसवंत स्वयंसेवकांपैकी एकालाच पूर्ण संरक्षण मिळाले.

डासातील परजीवीची वाढ रोखण्यासाठी लक्ष्य केलेली पीएफएस 48/45 आणि पीएफएस 230 ही प्रथिने त्याहून हट्टी होती. त्यांच्या घड्या गंधकाच्या अनेक बंधांनी बांधलेल्या असतात. ई. कोलायच्या अंतरंगात हे बंध नीट जुळत नाहीत. प्रथिन तयार होते, पण त्याचा आकार चुकतो. चुकीच्या आकारावर घडलेली प्रतिपिंडे खऱ्या परजीवीला ओळखत नाहीत. कोपनहेगनच्या स्टेटन्स सिरम इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी दह्यात आढळणारा लॅक्टोकॉकस लॅक्टिस निवडला. तो प्रथिन पेशीबाहेर सोडतो आणि तेथे बंध जुळू शकतात. शिवाय त्यांनी पीएफएस 48/45 च्या तुकड्याला परजीवीच्याच ग्लर्प या विद्राव्य प्रथिनाचा भाग जोडीदार म्हणून दिला.

हाच जिवाणू 2025 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जाहीर केलेल्या ‘अ‍ॅडफाल्सिव्हॅक्स’ या संयुक्त लसीसाठी वापरला गेला. भुवनेश्वरच्या केंद्रात विकसित झालेल्या या लसीत सीएसपीला वरील दोन प्रथिनांच्या तुकड्यांची जोड आहे. त्यामुळे व्यक्तीचे रक्षण आणि प्रसाराला आळा, हे दोन्ही हेतू साधण्याचा प्रयत्न आहे. घोषणेच्या वेळी मानवी चाचण्या बाकी होत्या. शिवाय ही लस फाल्सिपॅरमपुरतीच आहे आणि मध्य भारताच्या जंगलांत व्हायव्हॅक्सही आहे. म्हणून घरोघरी ताप शोधणाऱ्या कार्यकर्त्यांचे काम लस आल्यावरही संपणार नाही.