न खपलेल्या मालिकेची वंशावळ

अमेरिकी टीव्हीच्या धंद्यात मालिका विकायची तर आधी नमुन्याचा एक भाग चित्रित करून वाहिनीपुढे ठेवायचा. त्याला पायलट म्हणतात. सत्तरच्या दशकात हा पायलट बहुधा सिनेमासारखा लांबलचक काढत. मालिका झाली नाही, तरी वाहिनीची एक रात्र भरून निघे. २३ मार्च १९७३ रोजी सीबीएसवर झळकलेला 'जेनेसिस टू' हा असाच एक पायलट. त्याची मालिका कधीच झाली नाही, पण वंश मात्र वाढत गेला.

कर्ता जीन रॉडनबेरी. त्याची 'स्टार ट्रेक' १९६९ मध्ये बंद पडली होती आणि तो नव्या मालिकेच्या शोधात होता. या पायलटचा नायक डिलन हंट नासाचा शास्त्रज्ञ. लांबच्या अंतराळप्रवासात माणसाला दीर्घकाळ झोपवून ठेवता येईल का, याचा प्रयोग तो १९७९ साली न्यू मेक्सिकोतल्या कार्ल्सबॅडच्या गुहांत स्वतःवरच करतो. वरून दरड कोसळते आणि त्याला जाग येते ती थेट २१३३ मध्ये. मधल्या काळात महायुद्धाने जुनी संस्कृती पार झोपवलेली असते. गुहेत निजून वेगळ्याच युगात उठणारा मुचकुंद आपल्याला ओळखीचा आहे, त्यामुळे कल्पना नवी वाटायचं कारण नाही. एच. जी. वेल्सनेही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी असाच एक झोपाळू नायक दोन शतकांनी उठवला होता.

नवं होतं ते पुढचं. हंटला जागं करणारी 'पॅक्स' ही शांततावादी मंडळी जमिनीखालच्या बोगद्यांतून सुसाट धावणाऱ्या 'सबशटल' गाड्यांनी जगभर फिरतात. ठिकठिकाणी उरलेल्या समाजांशी संपर्क साधायचा आणि जुनं ज्ञान गोळा करायचं, हे त्यांचं व्रत. (सगळं जग बेचिराख झालं आणि बोगदे तेवढे शाबूत राहिले, हे मला आजही पचत नाही.) रॉडनबेरीची खरी चलाखी मात्र इथेच आहे. 'स्टार ट्रेक'मध्ये दर आठवड्याला नवा ग्रह लागे. इथे पृथ्वीचेच तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचा ग्रह करून टाकला. यान नको, तारे नकोत, एक डबा आणि एक बोगदा पुरे. माझ्या मते 'जेनेसिस टू'मधला प्रलय ही भविष्याची चिंता कमी आणि निर्मितीची सोय जास्त आहे.

तरी पहिल्या पायलटमध्ये धार होती. टायरेनियन नावाचे, माणसांना गुलाम करून ठेवणारे उत्परिवर्तित लोक हंटकडून आपली अणुयंत्रणा दुरुस्त करून घेऊ पाहतात. हिंसा वर्ज्य मानणाऱ्यांमध्ये येऊन पडलेला हा विसाव्या शतकातला गडी, त्यामुळे त्याचे पॅक्सशीही खटके उडतात. टायरेनियनांना बेंब्या दोन. 'स्टार ट्रेक'च्या वेळी अभिनेत्री मॅरिएट हार्टलीची बेंबी दाखवायला वाहिनीच्या सेन्सॉरने मनाई केली होती. त्याचं उट्टं काढायला इथे तिलाच दोन बेंब्या दिल्या, असं रॉडनबेरी सांगत असे.

सीबीएसने मालिका नाकारली आणि 'प्लॅनेट ऑफ द एप्स' घेतली. त्याच नावाच्या सिनेमाने टीव्हीवरही गर्दी खेचली होती. माकडांची ही मालिका सप्टेंबर १९७४ मध्ये सुरू झाली आणि डिसेंबरात आटोपलीही.

दरम्यान रॉडनबेरीने तोच माल एबीसीकडे नेला. एप्रिल १९७४ मध्ये 'प्लॅनेट अर्थ' आला. अ‍ॅलेक्स कॉर्डच्या जागी जॉन सॅक्सन हंट झाला, आणि गोष्ट पुरुषांना औषधं पाजून गुलाम ठेवणाऱ्या बायकांच्या राज्याची. पहिल्यातला उदास, अवघडलेला हंट इथे सरळ रुबाबदार हिरो होतो. विनोद आज फारच शिळा लागतो. एबीसीनेही मालिका घेतली नाही. १९७५ च्या जुलैमध्ये 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड' हा तिसरा प्रयत्न झाला. सॅक्सन तोच, पण नायकाचं नाव बदललेलं आणि रॉडनबेरी बाहेर. तोही बारगळला.

वंश वाढला तो दुसऱ्याच फांदीवर. 'जेनेसिस टू'ची मालिका झाली तर कोणते भाग करायचे, याची टिपणं तयार होती. त्यातलं एक होतं 'रोबॉट्स रिटर्न': नासाने पाठवलेलं यंत्र आपल्या निर्मात्याच्या शोधात पृथ्वीवर परत येतं. पॅरामाउंटने 'स्टार ट्रेक'ची नवी मालिका काढायचं ठरवलं, तेव्हा अ‍ॅलन डीन फॉस्टरने या टिपणावरून तिच्या पायलटचा आराखडा लिहिला. तीही मालिका रद्द झाली. पण तोवर 'स्टार वॉर्स'ने हवा बदलली होती, आणि त्याच कथेवर रॉबर्ट वाइझने मोठ्या पडद्यासाठी 'स्टार ट्रेक: द मोशन पिक्चर' काढला. निर्मात्याला हाका मारणारं ते यंत्र तिथे व्हॉयेजर ६ झालं. सिनेमा प्रदर्शित झाला डिसेंबर १९७९ मध्ये, डिलन हंट गुहेत निजला त्याच साली.

रॉडनबेरी १९९१ मध्ये वारला. त्याच्या जुन्या कल्पनांवरून २००० साली 'अँड्रोमेडा' मालिका निघाली. तिचा कप्तान कृष्णविवराच्या काठावर तीनशे वर्षं अडकून पडतो, आणि सुटतो तेव्हा त्याचं राष्ट्रकुल मोडून पडलेलं असतं. ते पुन्हा उभं करायला निघालेल्या या कप्तानाचं नाव डिलन हंट. ही मालिका पाच हंगाम चालली.