कडा छाटलेला टोप

युद्धातला अमेरिकन सैनिक म्हटलं की एक खोल, गोल, कपाळावर जरासा छज्जा काढलेला पोलादी टोप डोळ्यांसमोर येतो. पण डिसेंबर १९४१मधले पर्ल हार्बरचे फोटो काढून बघा, किंवा त्यानंतरच्या महिन्यांतले फिलिपिन्समधले. तिथल्या अमेरिकन शिपायांच्या डोक्यावर उपड्या ताटलीसारखा पसरट टोप आहे. खाली ओळ छापलेली नसेल तर इंग्रज समजून आपण पुढे जाऊ. ऑगस्ट १९४२मध्ये ग्वादलकनाल बेटावर उतरलेले मरीन सैनिक मात्र नव्या टोपात आहेत. त्याचं अधिकृत नाव एम-१.

पसरट टोपाचं कूळ इंग्रजी. १९१५मध्ये जॉन ब्रोडीने त्याचं पेटंट घेतलं. तेव्हाची लढाई खंदकातली. तोफगोळे डोक्यावर हवेत फुटत आणि शिशाच्या गोळ्या वरून बरसत. म्हणून टोपाची कड छत्रीसारखी रुंद. दुसरं कारण कारखान्याचं होतं. असा उथळ आकार पत्र्याच्या एका चकतीतून झटपट दाबून निघतो. पत्रा मँगनीज पोलादाचा. शेफिल्डच्या रॉबर्ट हॅडफिल्डने शोधलेलं हे पोलाद ठोकावं तसं अधिक कठीण होत जातं आणि त्याला लोहचुंबक चिकटत नाही. एप्रिल १९१७मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा तिच्याकडे स्वतःचा टोपच नव्हता. ब्रिटिशांकडून सुमारे ४ लाख नग विकत घेतले आणि मग त्याचीच नक्कल घरी सुरू केली.

स्वतःचा टोप घडवायचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. आणि तो झाला कुठे, तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात! तिथल्या शस्त्र-चिलखत विभागाचे प्रमुख बॅशफर्ड डीन हे मुळात माशांचे अभ्यासक, आणि छंद जुन्या चिलखतांचा. संग्रहालयाच्या कार्यशाळेत डॅनियल ताशो नावाचा फ्रेंच चिलखतकार होता. मध्ययुगीन शिरस्त्राणं समोर ठेवून या दोघांनी नमुन्यांमागून नमुने घडवले. त्यांतला एक कान आणि मान चांगली झाकत होता. पण तो जर्मन टोपासारखा दिसतो, म्हणून नापास झाला. धुरात आणि गोंधळात आपल्याच माणसाला आपलेच लोक गोळी घालतील ही भीती खोटी नव्हती. तरी सरदारांच्या जुन्या शिरस्त्राणांवरून विसाव्या शतकातल्या शिपायाचं डोकं वाचवण्याचा हा खटाटोप मला या कुळातला सर्वांत लोभस अध्याय वाटतो.

पुढची वीस वर्षं पसरट टोपावरच भागलं. १९४०मध्ये युरोपातून बातम्या येऊ लागल्या त्या विमानांच्या, रणगाड्यांच्या, उखळी तोफांच्या. आता ठिकऱ्या वरूनच नव्हे, बाजूंनीही येत होत्या आणि कानशिलं उघडी होती. जॉर्जिया राज्यातल्या फोर्ट बेनिंग इथे पायदळाचं चाचणी मंडळ होतं. तिथले मेजर हॅरल्ड सिडनहॅम या कामाला लागले. त्यांनी शहाणपणा केला तो असा, की कोऱ्या कागदापासून सुरुवात केली नाही. जुन्या टोपाचा घुमट चांगला होता, वाईट होती ती कड. ती छाटली, बाजूंना आणि मागे पत्रा खाली उतरवला, पुढे छोटा छज्जा ठेवला. एम-१चा चेहरा इथे तयार झाला.

खरी नवलाई मात्र आत आहे. एम-१ हा एक टोप नाही, दोन आहेत. बाहेर नुसतं पोलादी कवच. आत त्याच आकाराचा हलका टोप, लायनर, आणि डोक्याला लागणाऱ्या पट्ट्या सगळ्या या लायनरमध्ये. पट्ट्यांची युक्ती आली अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावरून. जॉन रिडेल यांनी खेळाडूंच्या शिरस्त्राणात डोकं पट्ट्यांवर तोलून धरायची सोय केली होती. टक्कर झाली की धक्का पट्ट्यांत जिरे. तीच इथे बसवली. शिवाय छावणीत, पहाऱ्यावर नुसता लायनर घालून हिंडता येई. म्हणून जुन्या फोटोंत ‘टोप’ घातलेला एखादा शिपाई प्रत्यक्षात फक्त लायनरवर असतो. पहिले लायनर दाबलेल्या कागदी लगद्याचे होते आणि दमट हवेत ते ढिले पडत. नंतर राळेत भिजवलेल्या सुती कापडाचे आले, ते टिकले.

९ जून १९४१ला टोपाला मान्यता मिळाली. काम गेलं डेट्रॉइटच्या मॅककॉर्ड कंपनीकडे, जी मोटारींचे रेडिएटर बनवत असे. उथळ ताटली दाबणं वेगळं आणि हॅडफिल्डचं पोलाद न तापवता खोल ओढणं वेगळं. पत्र्याला ताण पडे, कडेला बारीक भेगा जात. आज सापडणाऱ्या कितीतरी टोपांच्या पुढच्या कडेला अशी चीर असते, आणि ती बहुतेकदा गोळीची नसून कारखान्यातल्या ताणाची असते. १९४३पासून सेंट लुइसची श्लूटर कंपनीही उत्पादनात आली. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून २ कोटी २० लाखांच्या आसपास टोप काढले.

या काळात टोप वरून तसाच दिसला, तरी त्याचे बारकावे बदलत गेले. हनुवटीच्या पट्ट्याची कडी सुरुवातीला पक्की जोडलेली होती आणि आपटली की तुटे. १९४३मध्ये ती बिजागरीवर हलणारी केली. कडेच्या पट्टीचा सांधा आधी कपाळावर येई, १९४४च्या अखेरीस तो मागे गेला. तेव्हा टोपाच्या पुढे सांधा नसेल, तर तो टोप नॉर्मंडीच्या जून १९४४च्या वाळूत असणं शक्य नाही, मग विकणारा काहीही सांगो.

फोटोंत पट्टा बहुधा सुटलेला किंवा मागे टोपावर अडकवलेला दिसतो. हा नुसता बेफिकीरपणा नव्हता. जवळ बॉम्ब फुटला की हवेचा दाब टोपाखाली शिरतो, टोप उडतो आणि पट्टा बांधलेला असेल तर मान मोडते, अशी समजूत पसरली होती. सैन्याने १९४४मध्ये ठरावीक ओढ बसली की आपोआप सुटणारी कडी आणली. शिपायांनी पट्टा तरी मोकळाच ठेवला. जनरल पॅटनसारखे शिस्तीचे अधिकारी टोप न घालणाऱ्यांना दंड करत, पण पट्ट्याचा मुद्दा त्यांनाही पूर्ण जिंकता आला असं छायाचित्रं सांगत नाहीत. लायनर काढला की कवचाचं घमेलं होई: त्यात दाढी, अंघोळ, कपडे, कॉफी. चुलीवर ठेवू नका, असं वरून बजावलं जाई, कारण तापवलं की पोलादाचा कस जातो. कोण ऐकतो!

महाराष्ट्राचा या टोपाशी आलेला संबंध ओझरता, पण खरा आहे. ३१ ऑक्टोबर १९४३ला ‘लर्लाइन’ जहाजातून अमेरिकन पायदळाची एक तुकडी मुंबई बंदरात उतरली आणि तिथून नाशिकजवळ देवळालीच्या छावणीत गेली. पुढे हेच लोक ‘मेरिल्स मरॉडर्स’ म्हणून उत्तर बर्माच्या जंगलात लढले.

टोपांवरच्या खुणांची भाषा वेगळीच. वैद्यकीय सहायकाच्या टोपावर पांढऱ्या वर्तुळात लाल क्रूस. अधिकाऱ्याच्या टोपामागे उभी पांढरी रेघ, सार्जंटच्या मागे आडवी. मागे अशासाठी, की पाठोपाठ येणाऱ्या आपल्या माणसांना ती दिसावी आणि समोरच्या नेमबाजाला दिसू नये. १०१व्या हवाई डिव्हिजनने टोपांच्या बाजूंना पत्त्यांची चिन्हं रंगवली: बदाम एका रेजिमेंटचा, इस्पिक दुसरीची. सेन्सॉर फोटोंतली बाहूवरची चिन्हं खोडून टाकत असे. त्यामुळे छापलेल्या चित्रात टोप हाच पुष्कळदा उरलेला साक्षीदार. पायदळ टोपावर जाळी ओढत असे, मरीन दल ठिपक्याठिपक्यांचं कापड. पॅसिफिकमधल्या फोटोत कापड दिसलं की आधी मरीन समजावं.

या साक्षीने एकदा गाजलेला इतिहासच दुरुस्त करायला लावला. २३ फेब्रुवारी १९४५ला छायाचित्रकार जो रोझेंथालने जपानच्या इवो जिमा बेटावर अमेरिकन झेंडा उभारणाऱ्या सहा जणांचा फोटो टिपला. चेहरे जवळपास कोणाचेच दिसत नाहीत. सहांपैकी एक नाव १९४७मध्येच बदलावं लागलं होतं. उरलेल्यांत नौदलाचा वैद्यकीय सहायक जॉन ब्रॅडली सर्वांत प्रसिद्ध; त्याच्या मुलाने लिहिलेल्या पुस्तकावर क्लिंट ईस्टवुडने चित्रपटही काढला. २०१४मध्ये दोन हौशी अभ्यासकांचं म्हणणं छापून आलं: ज्याला ब्रॅडली म्हणतात त्याच्या कमरेला काडतुसांचा पट्टा आहे, तार कापायची पक्कड आहे, विजारीचे पाय मोकळे आहेत. त्याच दिवशीच्या इतर फोटोंतल्या ब्रॅडलीच्या विजारी मात्र दुमडलेल्या आहेत, आणि वैद्यकीय सहायक काडतुसं कशाला बाळगेल? मरीन दलाने चौकशी नेमली. फोटोंच्या त्याच मालिकेतल्या एका सैनिकाच्या टोपाच्या डाव्या बाजूला लायनरचा तुटका पट्टा लोंबत होता. त्या पट्ट्यावरून आणि बंदुकीच्या पट्ट्याच्या वेगळ्या बांधणीवरून तो हॅरल्ड शुल्ट्झ ठरला. २०१६मध्ये दलाने ब्रॅडलीचं नाव काढून शुल्ट्झचं घातलं. २०१९मध्ये आणखी एक नाव बदललं. शुल्ट्झने स्वतः जिवंतपणी कधी जाहीर दावा केला नाही.

व्हिएतनाममध्येही टोप तोच, वर पानाफुलांच्या नक्षीचं कापड आणि रबरी पट्टा. पट्टा खरं तर झाडपाला खोचण्यासाठी. खोचलं गेलं सिगारेटचं पाकीट, डासांच्या औषधाची बाटली, इस्पिकचा एक्का. कापडावर पेनाने घरी परतायचे महिने लिहून एकेक खोडत. १९६५मध्ये होर्स्ट फासने टिपलेल्या तरुणाने आपल्या टोपाच्या पट्ट्यावर युद्ध म्हणजे नरक असं लिहिलं आहे आणि तो चक्क मंद हसतो आहे. आधीच्या युद्धात टोपावर हुकमाने रंगवलेली चिन्हं असत. इथे मालकाचं स्वतःचं म्हणणं आहे, आणि ते खोडायला फारसं कोणी पुढे आलेलं दिसत नाही.

ऐंशीच्या दशकात पोलाद गेलं आणि केव्हलार हा चिवट कृत्रिम धागा आला. १९८३मध्ये ग्रेनाडात उतरलेल्या छत्रीधारी सैनिकांच्या नव्या टोपाने कान आणि मान झाकली होती. फोटो छापून येताच लोकांना जर्मन टोपाची आठवण झाली आणि सैनिकांनी त्याला ‘फ्रिट्झ’ हे टोपणनाव दिलं. डीनचा नमुना ज्या कारणाने अडगळीत गेला ते आता कोणाला आड आलं नाही.

एम-१ मात्र बाजारात उरला आहे. बेल्जियम, डेन्मार्क, हॉलंड, पश्चिम जर्मनी या देशांनी युद्धानंतर त्याच्या नकला काढल्या. त्यांतल्या काही आज वाळू चोळून, लाल क्रूस रंगवून ‘नॉर्मंडीतल्या ओमाहा किनाऱ्यावरच्या’ म्हणून खपतात. जाणकार गिऱ्हाईक क्रूसाकडे बघतच नाही. ते टोप उलटा करतं, कडेचा सांधा आणि कडी बघतं, आतल्या बाजूला पुढे ठोकलेला पोलादाच्या घाण्याचा क्रमांक वाचतं, आणि मग भावाची गोष्ट काढतं.