लाखोरीची डाळ: भीती कुठून आली आणि ताटात किती असावी



सूर्यास्ताआधीच्या जेवणात आपल्याकडे प्रथिनांचा सगळा भार डाळीवर असतो. द्विदल लागतं म्हणून डाळीसोबत दही-ताक चालत नाही, आणि अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजीही नसते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे 65 किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला साधारण 54 ग्रॅम आणि 55 किलोच्या स्त्रीला साधारण 46 ग्रॅम प्रथिनं लागतात. आता घरातला माणूस खाण्याच्या बाबतीत चोखंदळ असला, की रोज कोणती डाळ करावी हा प्रश्नच असतो. आमच्या ह्यांना मूग पचपचीत वाटतो, मसूर नको असते, आणि लाखोरीचं नाव काढलं की एकच उत्तर, "पाय जातील."

हे उत्तर नुसत्या नखऱ्याचं नाही. त्यामागे मोठा इतिहास आहे आणि तो आपल्या भंडाऱ्याच्या स्वयंपाकघरापर्यंत आलेला आहे.

लाखोरी म्हणजेच लाख किंवा लाखोळी. हिंदी भागात तिला खेसारी, तिवडा म्हणतात. आपल्याकडे धानाच्या धुऱ्यावर तूर असते आणि बांधीत धानामागून लाखोरी. धान कापणीला यायच्या आधी उभ्या पिकातच तिचं बी फेकतात. धान निघालं की उरलेल्या ओलीवर ती वाढते. वेगळी नांगरट नाही, पाणी नाही, खत नाही. कोवळ्या शेंड्यांची भाजी, डाळीचे वडे आणि भुसा गुरांना. 100 ग्रॅम कोरड्या डाळीत साधारण 28 ग्रॅम प्रथिनं असतात, तुरीत साधारण 22. भातात जे कमी पडतं ते ही डाळ भरून काढते.

मग भीती कशाची? विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने सागर भागातली हकिगत लिहून ठेवली आहे. 1829 पासून ओळीने काही वर्षं तिथला गहू कधी गारपिटीने, कधी अवर्षणाने, कधी रोगाने बुडाला. शेतात टिकली ती फक्त ही डाळ, म्हणून लोक तीच खात राहिले. थोड्याच वर्षांत कितीतरी तरुणांचे पाय कमरेखाली लुळे पडले. युरोपातही असंच घडलं होतं. 1811-12 च्या माद्रिदच्या दुष्काळात लोक याच डाळीच्या पिठाच्या लापशीवर जगले आणि चित्रकार गोया याने तो प्रसंग चित्रात उतरवला. पुढे रीवा भागात जमीनदार वेठीच्या मजुरांना मजुरी म्हणून हीच डाळ देत. धान्य घ्यायला दुसरं काही नाही, म्हणून मजुराच्या घरी दोन्ही वेळा तीच शिजायची, आणि तिथेही पाय गेले.

कारण सापडलं ते 1964 साली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि शर्मा यांनी या डाळीतलं मज्जातंतूंना मारक द्रव्य वेगळं काढलं. त्याचं छोटं नाव ओडॅप. जेवणाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त ही डाळच असेल आणि असं दोन-तीन महिने किंवा अधिक चाललं, तर धोका उभा राहतो. एकदा पाय गेले की ते परत येत नाहीत. म्हणून ही गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही.

महाराष्ट्रात 1961 साली हिच्या विक्रीवर बंदी आली. केंद्राच्या नियमात बंदी कधीपासून लावायची हे राज्यांवर सोपवलेलं होतं, त्यामुळे सगळीकडे सारखा कायदा नव्हता. आपल्या पूर्व विदर्भात पेरणी मात्र थांबली नाही. बाजारात नाव घेता येईना, तेव्हा ती चण्याच्या बेसनात मिसळली जाऊ लागली. म्हणजे जी बाई ती ओळखून, मोजून रांधत होती तिला ती उघड मिळेना, आणि जिला नको होती तिच्या भज्यात ती न सांगता आली. नागपूरचे डॉ. शांतीलाल कोठारी यांनी ही बंदी उठावी म्हणून वर्षानुवर्षं लढा दिला, उपोषणं केली. त्यांचं म्हणणं असं, की हे गरिबाचं प्रथिन आहे आणि दोष उपासमारीचा आहे. अखेर 2008 साली महाराष्ट्राने बंदी उठवली. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने प्रतीक आणि महातिवडा हे कमी ओडॅपचे वाण काढले आहेत.

मला या इतिहासातून दोन्ही बाजू खऱ्या दिसतात. डाळीत विष आहे हे खरं, आणि पाय गेले ते ज्यांच्या ताटात दुसरं काहीच नव्हतं त्यांचे, हेही खरं. आपण आहारात मात्रा पाळायला लहानपणापासून शिकतो. ऊनोदरी म्हणजे भुकेपेक्षा दोन घास कमी, रसपरित्याग म्हणजे आवडीचं सोडणं. तीच मर्यादा इथे लावायची.

आमच्या घरी लाखोरी पंधरा दिवसांतून एकदा होते, तीही वड्यांची. ओडॅप पाण्यात उतरतं, म्हणून पाणी टाकून देणं हाच मुख्य उपाय. सकाळी डाळ धुऊन तिच्यावर गाळलेलं उकळतं पाणी भरपूर ओतते. तासाभराने ते पाणी फेकते, पुन्हा कडकडीत पाणी ओतते आणि दुपारपर्यंत ठेवते. तेही पाणी फेकून डाळ निथळते. रात्रभर भिजवायची गरज पडत नाही. मग जिरं, हिरवी मिरची, हिंग घालून जाडसर वाटते, थोडं तांदळाचं पीठ आणि कोथिंबीर घालते. पर्वाच्या दिवशी मिरची-कोथिंबिरीऐवजी सुकी लाल मिरची आणि धने. वरण करायचं असेल तर भरपूर पाण्यात शिजवून ते पाणी ओतून टाकावं. असं केल्याने ओडॅप बरंच कमी होतं, सगळं जात नाही, आणि थोडी जीवनसत्त्वंही पाण्यासोबत जातात. म्हणून रोजच्या वरणाला तूर, मूग, चणाच बरा.

ह्यांना हे सगळं वाचून दाखवलं. आता ते दोन वडे खातात, वरण नाहीच म्हणतात, आणि मी आग्रह करत नाही. त्या संध्याकाळी त्यांच्यासाठी मुगाचं घट्ट धिरडं असतं, कडा कुरकुरीत केल्या की तेही पचपचीत राहत नाही.

तुमच्या घरी लाखोरी येत असेल तर शेतकऱ्याकडून वाण विचारून घ्या, आणि सुटं बेसन घेण्यापेक्षा चणाडाळ आणून दळून घ्या. नव्या सुनेला वड्याची कृती सांगाल तेव्हा पाणी का फेकायचं तेही सांगा.